समजा म्हणणाऱ्या बाई

त्या दिवशी धुकं जिना उतरून तळघरात आलं. एरवी ते इस्पितळाच्या फाटकाशी, फार तर औषधांच्या खिडकीशी घोटाळायचं आणि उन्हाची चाहूल लागली की काढता पाय घ्यायचं. पण पहाटे कुणीतरी मागचं मालाचं दार सताड उघडं टाकलं होतं, आणि धुकं बिनबोलावल्या पाहुण्यासारखं आत शिरून थेट धुलाईखान्यातल्या वाफेच्या गळ्यात पडलं. मग वाफ कुठे संपते नि धुकं कुठे सुरू होतं, काही कळेना. भिंतीवरचे दिवे दुधात बुडवल्यासारखे दिसत होते. मोठाली यंत्रं पोटातल्या पोटात गुरगुरत होती. आणि मधोमध दोन बायका एका लांबरुंद चादरीची दोन-दोन टोकं धरून उभ्या होत्या. चादर दिसत होती, एकमेकींची तोंडं दिसत नव्हती.

"आहेस का गं पलीकडे?" एकीनं विचारलं.

"आहे म्हणून समजा."

"हे बघ, सकाळी सकाळी तुझं ते समजा सुरू करू नकोस. आहेस तर आहे म्हण, नाहीस तर तोंड बंद ठेव."

ही थोरली. पलीकडची धाकटी. एकाच घरात दोन भावांना दिलेल्या, नात्यानं जावा. धुलाईखान्यात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. 'थोरलीला विचार', 'धाकटीला पाठव', एवढ्यावर सगळ्यांचं भागायचं. चादरीची घडी ही काही एकट्यादुकट्यानं घालायची गोष्ट नाही. दोघींनी टोकं ताणायची, एक झटका द्यायचा, एकमेकींकडे चालत यायचं, टोकाला टोक भिडवायचं, एकीनं सोडायचं, दुसरीनं झेलायचं, पुन्हा मागे सरायचं. वर्षानुवर्षं हे करून दोघींची पावलं अशी जुळली होती, की तोंडानं भांडण चालू असलं तरी पाय आपले गुण्यागोविंदानं चालायचे.

धुक्यातून थोरलीचा चेहरा उगवला. टोकाला टोक भिडलं.

"आज तुझा तो तास ना?"

"हो."

"शेवटचा?"

"तिसरा. तिसऱ्यानंतर चौथा देत नाहीत, ताई."

बसडेपोच्या मागे एक शाळा होती. तिथल्या आठवी 'ब'ला गणिताचं माणूस टिकत नव्हतं. एक आले, त्यांना लांब पडलं. दुसऱ्या आल्या, त्यांना पोरांचा आवाज सोसवेना. तिसऱ्यांनी तर वर्गात डोकावूनच बदलीचा अर्ज टाकला, असं पोरंच छातीठोक सांगायची. धाकटी ज्या वर्गात शिक्षकीचं शिक्षण घेत होती त्याची रीत अशी, की जिथे पुढे शिकवायचं त्याच शाळेत, त्याच पोरांसमोर तीन तास घ्यायचे. तिसरा तास झाला की शाळेनं सांगायचं, हे माणूस आम्हाला हवं की नको. हवं म्हटलं तर धाकटी मास्तरीण. नको म्हटलं तर चादरीचं हे टोक होतंच. आणि आठवी 'ब'चा गणिताचा तास मात्र पुन्हा पूर्वीसारखा मैदानातले दगड वेचण्यात जाणार होता.

पहिले दोन्ही तास पडले होते. नुसते पडले नव्हते, तोंडावर आपटले होते.

"पडलीस तर पडलीस," थोरली म्हणाली. "चादरी काही पळून जात नाहीत."

थोरलीची माया इस्त्रीसारखी. ऊब लागायची, पण फार जवळ गेलं की चटका.

धाकटी मागे सरली, पुन्हा धुक्यात बुडाली. तिथे तिला बरं वाटलं. धुक्यात माणसाला आपण कुठेही असू शकतो असं वाटतं.

ही तिची जुनीच खोड. लहानपणी ती उंबऱ्यावर बसून तासन् तास समजा-समजा करायची. समजा आपल्या घराला गच्ची असती. समजा पाऊस खालून वर पडला. समजा मांजरांना उद्याचं आज कळत असतं. वडील ओझी उतरवून घरी यायचे, पाय धुता धुता ऐकायचे आणि म्हणायचे, "समजायचंच असेल तर हे समज, की डब्यातलं पीठ संपलंय." आई म्हणायची, पोरगी वाऱ्यावर आहे. आणि मग आठवीत कधीतरी गुरुजींनी फळ्यावर लिहिलं: समजा, क्ष ही एक संख्या आहे. धाकटी बाकावर ताठ झाली. ज्या शब्दापायी घरी बोलणी खाल्ली तो शब्द इथे चक्क फळ्यावर, खडूनं, मोठ्या माणसाच्या अक्षरात! म्हणजे मोठी माणसंसुद्धा समजा-समजा खेळतात, आणि त्याला अभ्यास म्हणतात! बाकीच्या वर्गाचा गणिताशी छत्तीसचा आकडा होता. हिचं मात्र त्या क्षशी असं गूळपीठ जमलं की ती पडत-धडपडत गणिताच्या पदवीपर्यंत जाऊन पोचली.

मग लग्न झालं. मग दोन मुलं झाली. मग नवऱ्याच्या एकट्याच्या कमाईत भागेना, तेव्हा थोरलीनं आपल्या शेजारी हिला उभी केली. गणित कुठे गेलं नाही. ते अंगात राहिलं, पोहता येणाऱ्याच्या अंगात पाणी राहतं तसं. फक्त विहीर कुठे दिसत नव्हती.

ती दिसली वरच्या मजल्यावर, डोळ्यांच्या विभागात. एक म्हाताऱ्या बाई डोळ्यांवर पट्टी बांधून पडल्या होत्या. धाकटी शेजारच्या खाटेची चादर बदलत होती आणि मदतनीस बाईला म्हणत होती, "समजा, या मजल्यावरच्या सगळ्यांना आज एकदम ताप चढला नि घाम फुटला, तर उद्या चादरी पुरतील का गं?"

"मला कशाला घाम फोडतेस?" मदतनीस म्हणाली.

पट्टीखालून आवाज आला. "आत्ता समजा कोण म्हणालं?"

"मी. चादरी बदलणारी."

"गणित शिकलायत?"

"शिकले होते."

"मग इथे काय करताय?"

"चादर बदलतेय."

बाई इतक्या हसल्या की नर्स धावत आली आणि म्हणाली, हसू नका, डोळ्यावर ताण येतो.

या बाईंनी उभी हयात गणित शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर लोक देशाटनाला जातात, बागेत गुलाब लावतात. यांनी निराळाच उद्योग काढला. ज्या शाळांत गणित शिकवायला कुणी धजत नाही, त्या शाळांसाठी त्या माणसं वेचायच्या. आणि वेचायच्या कुठून? जिथे शिक्षक शोधायला कुणी जात नाही तिथून. शेतात राहिलेली कणसं वेचावीत तशी. म्हणून सगळे त्यांना वेचणाऱ्या बाईच म्हणायचे. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबट खोली होती, तिथे संध्याकाळी त्यांचा वर्ग भरायचा. खालून रबराचा वास यायचा आणि मधूनच एखादी घंटी वाजायची. त्या खोलीत धाकटीला एकेक नग भेटला. बेकरीत भट्टी सांभाळणारा एक. रात्रभर गोदामावर पहारा करून डोळे लाल घेऊन येणारा एक. दूरच्या मुलखातून आलेली, शाळेला अजून 'शाला' म्हणणारी एक शिवणकामवाली. आणि जन्मापासून न दिसणारे, बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे एक काका, ते त्रिकोण बोटांनी टेबलावर काढायचे आणि तो सगळ्यांना दिसायचा. पदवी सगळ्यांकडे होती. फळा कुणाकडेच नव्हता.

"आम्हालाच का घेता, बाई?" पहारेकऱ्यानं एकदा विचारलं. "चांगले शिकलेसवरलेले मिळतील की."

"तुम्ही काय वाईट शिकलात?" बाई म्हणाल्या. "त्या पोरांना फळ्यासमोर आपल्या गल्लीतलं माणूस दिसू दे जरा. नाहीतर त्यांना वाटतं, गणित म्हणजे दुसऱ्यांच्या घरचं जेवण. वास घ्यायचा नि पुढे चालायचं."

पहिले कित्येक दिवस बाईंनी त्यांना शिकवायला शिकवलंच नाही. गप्प बसायला शिकवलं. प्रश्न विचारा आणि थांबा. उत्तर येईपर्यंत थांबा. नाही आलं तरी थांबा. बेकरीवाल्याला ते काही केल्या जमेना. समोरचा दोन क्षण गप्प राहिला की हा स्वतःच उत्तर ओकून मोकळा.

"काय करू बाई, पाव जळतोय असं वाटतं हो!"

"जळू द्या. पोरं कच्ची निघण्यापेक्षा बरं."

धाकटीला मात्र बाई वेगळंच म्हणाल्या. "उत्तर देणारे मला पुष्कळ भेटतात. समजा म्हणणारी तू एकटी भेटलीस. ते तेवढं सांभाळ, बाकीचं मी शिकवते."

आणि नेमकं ते समजाच आठवी 'ब'त आडवं आलं.

पहिल्या दिवशी धाकटीची पाचावर धारण बसली होती. तरी तिनं वळून फळ्यावर सुबक अक्षरात लिहिलं: समजा, एका गाडीवर क्ष चादरी आहेत. वर्ग बघत राहिला. कुणी दंगा केला नाही, कुणी खोडी काढली नाही. दंगा परवडला असता. पोरं तिथे नव्हतीच. खिडकीबाहेर डेपोतल्या बसगाड्या एकेक करून मागे मागे सरत बाहेर पडत होत्या, आणि आठवी 'ब' त्यांत बसून केव्हाच निघून गेली होती. तास संपला तेव्हा कुणीतरी हळूच म्हणालं, "चादरबाई गेल्या." बस्, तेवढंच पदरात पडलं.

दुसऱ्या तासाला तिनं चादरी सोडल्या. समजा एका टोपलीत क्ष फळं आहेत. समजा एका रस्त्यावर क्ष दिवे आहेत. समजा, समजा, समजा. शेवटी मागच्या बाकावरून आवाज आला.

"नाही समजणार."

ती एक हडकुळी, उंच मुलगी. वर्ग तिला वकीलबाई म्हणायचा, कारण मधल्या सुट्टीतली सगळी भांडणं तिच्याकडे निवाड्याला यायची.

"का गं?" धाकटीनं विचारलं. "अवघड वाटतं?"

"अवघड-बिवघड काही नाही." मुलगी उभी राहिली. "बाक मोडलेत, तर म्हणतात समजून घ्या. पंखा बंद, समजून घ्या. गणिताचे सर येत नाहीत, समजून घ्या. घरी पण तेच. पाणी आलं नाही, समजून घे. आता तुम्ही आलात, तर तुम्ही पण दारातून पाऊल टाकताच समजा, समजा. दरवेळी आम्हीच किती समजायचं?"

वर्गात पहिल्यांदाच सगळी पोरं हजर झाली. सगळ्यांच्या नजरा धाकटीवर. तिनं तोंड उघडलं, तेवढ्यात घंटा झाली.

डेपोच्या भिंतीच्या कडेनं परत जाताना, तास ऐकायला आलेल्या वेचणाऱ्या बाई शेजारून काठी टेकत चालत होत्या.

"माझं चुकलं का, बाई?"

"ते मला नको विचारू. त्या पोरीनं तुला काहीतरी विचारलं. तुला उत्तर सापडलं?"

"नाही."

"मग शोध."

त्या संध्याकाळपासून धाकटीचे कान बदलले. डेपोत गाड्या धुणारा नवरा उशिरा आला आणि म्हणाला, "आज गाड्या फार होत्या, समजून घे." सासूबाई म्हणाल्या, "तो दमलाय, तू समजून घे." औषधांच्या खिडकीवर पाटी होती, साठा संपला आहे, कृपया समजून घ्यावे. नळावर, रांगेत, जिन्यावर, जिकडे तिकडे तोच शब्द पडलेला. इतकी वर्षं तो पायाखाली येत होता आणि तिला दिसला नव्हता. एकच शब्द, पण दोन घरी नांदणारा. तिच्या घरी तो दार उघडायचा. त्या पोरांच्या घरी तो दार लावून घ्यायचा. खरं म्हणजे तिच्याही घरी लावूनच घ्यायचा, पण ती तोवर गच्चीवर गेलेली असायची, त्या नसलेल्या गच्चीवर.

हे सगळं तिनं आज सकाळी, धुक्यातून येता-जाता, तुकड्या-तुकड्यानं थोरलीला सांगितलं.

"पोरगी खरं बोलली," थोरली म्हणाली. "मी असते तर तिला पेढे... ते जाऊ दे. तुला तो शब्दच नडतोय ना? मग टाकून दे. दुसरे काय कमी आहेत? धरा म्हण. माना म्हण."

"बघते."

"बघू नकोस, म्हण. आणि केस आवर जरा. वाफेनं पिसारा झालाय."

दुपार झाली तरी धुकं उठलं नव्हतं. शाळेपर्यंतचा रस्ता तिनं ओळखीच्या आवाजांवर गाठला. डेपोतल्या गाड्या दिसत नव्हत्या. फक्त त्यांचे भोंगे, कुठेतरी खोल, गुरांनी हंबरावं तसे. वर्गाच्या खिडक्यांत नुसता पांढरा कापूस भरलेला. पोरांना आज पळून जायला बाहेर काही उरलंच नव्हतं. मागच्या बाकावर वेचणाऱ्या बाई आणि त्यांच्या शेजारी शाळेच्या मोठ्या बाई, मुख्याध्यापिका. मोठ्या बाईंच्या मांडीवर फायलींचा ढीग, आणि चेहरा असा, की कुणी जरा मोठ्यानं हाक मारली तर रडू येईल की काय. चांगल्या होत्या. पण थकलेल्या.

धाकटीनं फळ्यावर काही लिहिलं नाही.

"गेल्या वेळी तुम्ही मला विचारलंत, आम्हीच किती समजायचं. मी पुष्कळ शोधलं. उत्तर सापडलं नाही. म्हणून आज मी तो शब्द वापरणार नाही."

पोरं सावरून बसली. मोठं माणूस उत्तर सापडलं नाही म्हणतंय, हे नवीनच होतं.

"मग काय वापरणार?" कुणीतरी विचारलं.

"धरा म्हणते. धरा, एक संख्या..."

पुढच्या बाकावरच्या गुबगुबीत मुलानं दोन्ही हात पुढे केले. "द्या."

"काय देऊ?"

"धरायचंय ते."

वर्ग खो खो हसला. धाकटीही हसली. "बरं, मग माना म्हणू?"

"नको बाई! आजी दिवसभर तेच म्हणते. मोठ्यांचं माना, मोठ्यांचं माना."

"कल्पना करा?"

"ती निबंधाच्या तासाला असते."

आता धाकटीकडचे शब्द संपले. खरोखरच संपले. तिनं खडू ठेवला आणि फळ्याला पाठ टेकून उभी राहिली. बाईंनी शिकवलं होतं, थांबायचं. ती थांबली. हसणं विरलं. कुणीतरी बाक करकरवला, मग तोही गप्प झाला. खिडकीतलं धुकं हळूहळू आत सांडत होतं, पुढच्या बाकांवरून, दप्तरांवरून, जणू तेही येऊन बसायला जागा शोधत होतं. एक भोंगा वाजला आणि लांबत लांबत मिटला. धाकटीला क्षणभर वाटलं, आपण चादरीचं एक टोक धरून उभ्या आहोत आणि पलीकडे कुणीतरी आहे, फक्त दिसत नाही. ओढायचं नाही. ताण लागेपर्यंत उभं राहायचं.

"मग तुम्ही समजा," वकीलबाई म्हणाली.

"काय?"

"आम्ही सांगतो. तुम्ही समजून घ्या. आज तुमची पाळी."

मागच्या बाकावर मोठ्या बाईंच्या फायली सरकल्या. धाकटीनं खडू उचलला. "सांगा."

आधी कुणाला सुचेना. मग एक भीत भीत म्हणाला, "समजा, आपल्या वर्गाला दुसरं दार आहे." तिनं लिहिलं. जसंच्या तसं, फळ्यावर, मोठ्या अक्षरात. आपला शब्द फळ्यावर बघून तो मुलगा लाजून खाली बसला, आणि मग बांधच फुटला. समजा, डेपोतल्या सगळ्या गाड्या धुक्यात हरवल्या. समजा, धुकं डब्यात भरता येतं. समजा, सावली माणसाआधी घरी पोचते. समजा, रविवारच्या पोटात अजून एक रविवार असतो. धाकटी भराभर लिहीत होती. हे सगळे उंबऱ्यावर बसणारे निघाले की!

तो गुबगुबीत मुलगा उभा राहिला. "माझं मोठं आहे. समजा, माझी आई जितकं झोपते त्याच्या दुप्पट मी झोपतो. आणि दोघांची झोप मिळून बारा तास होते."

"मग आई किती झोपते?" धाकटीनं विचारलं.

"तेच तर माहीत नाही. ती झोपते तेव्हा मी झोपलेला असतो ना!"

वर्ग हसला, पण वकीलबाईनं हात वर केला. "खोटं आहे. आईचं माहीत नाही, मग बारा कुठून आले?"

"समजा म्हणालो ना मी!" मुलगा तिच्यावर खेकसला. "समजा म्हटल्यावर कुठून आले विचारायचं नसतं. आधी समजायचं, मग बघायचं खरं निघतं का."

वेचणाऱ्या बाईंची काठी जमिनीवर ठक्कन वाजली. बस्, तेवढीच.

"आईची झोप माहीत नाही," धाकटी म्हणाली. "तिला काय म्हणू या?"

"आईची झोपच म्हणा."

"दरवेळी एवढं लिहायचं?"

"मग आझो," एक म्हणाली.

"क्ष लिहा की," दुसरी म्हणाली, "तुमचं ते."

तिनं क्ष लिहिला. मग ती पुन्हा गप्प झाली. पोरांच्यात कुजबुज, भांडण, बोटं मोजणं. आईची एक, याच्या दोन. म्हणजे तीन झोपा. आईच्या मापाच्या तीन. तीन मिळून बारा.

"चार!" तिघीचौघी एकदम ओरडल्या. "आई चार तास झोपते!"

गुबगुबीत मुलगा फळ्याकडे बघत उभाच होता.

"चारच?"

"तू समजा म्हणालास ना," धाकटी हळूच म्हणाली.

"हो. पण..." तो खाली बसला. "असेल पण. तेवढंच असेल."

दोन-तीन पोरं आपापल्या वहीवर वाकली. कुणीही सांगितलं नव्हतं. आपापल्या घरची झोप मांडायला बसली असावीत.

मग वकीलबाई उभी राहिली. "आता माझं. समजा, तुम्ही पण जाता. आधीचे गेले तसे."

धाकटीनं वळून ते वाक्य लिहिलं. अक्षर सरळ आलं. "हं. पुढे?"

"पुढे काय? मग आमचे गणिताचे तास उरले किती?"

धाकटीच्या तोंडावर आलं होतं, नाही गं, मी कशी जाईन. पण आधीचेही असंच म्हणाले असणार.

"हे मला सोडवता येत नाही," ती म्हणाली. "यात माहिती कमी आहे."

"कुठली?"

"मला राहायचंय. एवढं नक्की आहे, ते लिहून टाकते." तिनं लिहिलं. "पण राहायचं की नाही ते माझ्या एकटीच्या हातात नाही."

"मग कुणाच्या?"

धाकटीची नजर नकळत मागच्या बाकाकडे गेली, आणि तिच्यापाठोपाठ अख्खी आठवी 'ब' वळली. मोठ्या बाई गडबडल्या. त्यांनी फायली छातीशी धरल्या.

"मोठ्या बाई," वकीलबाई म्हणाली, "तुम्ही सांगता का?"

"तास संपल्यावर... हे बघ बाळ, कार्यालयात बसून, रीतसर..."

"म्हणजे आम्ही समजून घ्यायचं का?"

त्यात उद्धटपणा नव्हता. ती खरंच विचारत होती. मोठ्या बाई तिच्याकडे बघत राहिल्या. वरून येणाऱ्या प्रत्येक उत्तरात हाच शब्द त्यांनी आजवर झेलला होता आणि तसाच खाली या पोरांकडे टाकला होता. मध्ये कुठे तो थांबवता येतो, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी फायली बाकावर ठेवल्या आणि उभ्या राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "समजून घ्यायचं नाही. या बाई सोमवारपासून इथेच आहेत."

"आणि गेल्या तर?"

"तर तू माझ्या कार्यालयात यायचंस. एकटी नाही, सगळे या. दार वाजवायची गरज नाही."

वकीलबाईनं थोडा विचार केला, निवाडा देण्याआधी करायची तसा. मग ती बसली आणि तिनं वही उघडली.

बाहेर पडल्यावर वेचणाऱ्या बाई भिंतीच्या कडेनं चालताना बराच वेळ गालातल्या गालात हसत होत्या.

"मध्ये किती वेळ गप्प उभी होतीस, कल्पना आहे?"

"फार झाला का?"

"आपल्या बेकरीवाल्याची सगळी भट्टी कोळसा झाली असती. चल, मला रस्ता ओलांडून दे. या धुक्यात तुम्हा डोळसांनाही दिसत नाही, तर माझ्या अधू डोळ्यांचं काय."

धाकटीनं त्यांना पलीकडे पोचवलं. तिथे बाई वळल्या त्या घराकडे नव्हे, भाजीबाजाराकडे. तिथे एक मुलगी तराजूशी बसते म्हणे, तिचा तोंडी हिशेब ऐकायचा होता.

धुलाईखान्यात धाकटी परतली तेव्हा धुकं निघून गेलं होतं, नुसती वाफ उरली होती. थोरलीनं तिच्याकडे वर-खाली बघितलं. "मग?"

"सोमवारपासून."

थोरली मान वळवून इस्त्रीवाल्यांकडे बघत ओरडली, "अरे ए! पाय खाली घ्या टेबलावरचे, मास्तरीण आलीय!" तिकडून कुणीतरी सलाम ठोकला, कुणी शिट्टी मारली. एक जण म्हणाला, आता आमच्या पोराला पास करा म्हणजे झालं.

"करीन, त्याला पाठव तर खरं," धाकटी म्हणाली.

"हवेत जाऊ नकोस," थोरली म्हणाली. "सोमवारला अवकाश आहे. तिथे उशांचे अभ्रे पडलेत, सगळे उलटे. वरच्या मजल्याला संध्याकाळच्या आत हवेत."

धाकटीनं एप्रन बांधला, अभ्र्यांची बुट्टी पुढे ओढून घेतली आणि बाकड्यावर बसली. वरचा अभ्रा उचलून तिनं आत कोपरापर्यंत हात घातला, बोटांनी तळाचा एक कोपरा धरला, मग दुसरा, आणि तो झटक्यात बाहेर ओढून सुलटा केला. अजून कोमट होता. तो बाजूला ठेवून तिनं पुढचा घेतला.